सर्पगंधेपासून गोव्यापर्यंत : नैराश्याच्या गोळ्यांचा जमाखर्च

झाशीच्या सदर बाजारातून पुन्हा एकदा तुमच्या भेटीला आलो आहे. आजवर या मालिकेत आपण लढाया, छावण्या, किल्ले यांवर बोललो. आजचा विषय औषधाचा आहे, पण तोही मी इतिहास म्हणूनच मांडणार आहे. मी डॉक्टर नाही, साधा पदवीधर आणि निवृत्त फौजी. त्यामुळे कोणी कोणती गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही. गोळी आली कुठून, तिचा फायदा कोणी मोजला, त्रास कोणी मोजला आणि कोणी मोजायचा राहून गेला, एवढंच सांगणार आहे.

हा विषय घेण्याचं कारण सांगतो. सदर बाजार हा छावणीचा बाजार. इथे संध्याकाळी सामान घ्यायला बाहेर पडलं की चार निवृत्त सुभेदार, दोन कर्नल आणि एखादी वीरपत्नी भेटणारच. झाशीत नेवाळकरांच्या काळापासून राहिलेली मराठी घरंही आहेत. त्यांची बोली आता अर्धी बुंदेली झाली आहे, पण दुखणं सांगायची वेळ आली की मराठी बाहेर येतं. या सगळ्यांकडून नैराश्याच्या गोळ्यांबद्दल मी दोनच वाक्यं ऐकतो. एक म्हणजे "साहब, आदत पड जाएगी." आणि दुसरं, "घेतली आणि माणूस उभा राहिला हो!" दोघंही छातीठोकपणे बोलतात. इतिहास वाचला तर कळतं की ही दोन्ही वाक्यं या औषधांच्या जन्मापासून त्यांच्या सोबत आहेत. आणि या इतिहासातली एक महत्त्वाची वाट मुंबईहून जाते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

तर सुरुवात मुंबईपासून.

सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. बिहारमध्ये तिच्या मुळीला लोक सरळ 'पागल की दवा' म्हणत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालते. त्याच साली दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळीतून काही द्रव्यं वेगळी काढली आणि त्यातल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून 'अजमलीन' नाव दिलं. पण जगाचं लक्ष गेलं ते १९४९ मध्ये. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा अनुभव छापला. त्यामागे त्यांची या मुळीची जवळजवळ दहा वर्षांची ओळख होती. हा लेख युरोप-अमेरिकेत वाचला गेला आणि सर्पगंधा एकदम साहेबी औषध झाली. १९५७ सालच्या अमेरिकेतल्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकिलांचं नाव आहे, १९५८ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. मुंबईच्या या पारशी डॉक्टरबद्दल आपल्या शाळेच्या पुस्तकात एक ओळ असायला हवी होती, असं मला राहून राहून वाटतं. असो.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं केलं. त्याचं नाव रेसर्पीन. ते बीपीलाही चाललं आणि वेड्यांच्या इस्पितळातही. माझ्या वडिलांच्या पिढीतल्या बीपीच्या रुग्णांना 'ॲडेल्फेन' ही गोळी आठवत असेल. तिच्यात हेच रेसर्पीन होतं.

आणि इथे गोष्ट वळण घेते. १९५४ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर एडवर्ड फ्रीस यांनी लिहिलं की मोठ्या मात्रेत, बरेच दिवस रेसर्पीन घेणारे काही बीपीचे रुग्ण खिन्न होतात. बीपी उतरतं, पण माणूस भिंतीकडे तोंड करून बसतो. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या सरकारी प्रयोगशाळेत ब्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की रेसर्पीनमुळे शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या: साठा रिकामा, माणूस खिन्न. 'नैराश्य म्हणजे मेंदूतल्या रसायनांची कमतरता' हा जो विचार पुढे साऱ्या जगभर पसरला, त्याचा एक पाया असा एका दुष्परिणामावर उभा आहे, आणि त्याच्या मुळाशी आपली सर्पगंधा आहे.

पण त्याच १९५५ मध्ये लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातले डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंताग्रस्त आणि खिन्न रुग्णांना रेसर्पीन देऊन पाहिलं, आणि त्यांना त्याचा उपयोग झालेला दिसला! तेच औषध एकीकडे माणसाला खिन्न करतं म्हणून बदनाम आणि दुसरीकडे खिन्नतेवर गुणकारी. लंडनचा हा निकाल मागे पडला, कारण तो नव्या विचारात बसत नव्हता. लढाईच्या अहवालातही असं होतं. वरच्या हेडक्वार्टरच्या नकाशाशी जुळणारी बातमी भराभर वर जाते. न जुळणारी फाइलीत राहते.

आता दुसरी वाट, क्षयरोगाची. १९५२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या स्टॅटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना नवी औषधं दिली जात होती. त्यातलं एक आयप्रोनियाझिड. रुग्णांची फुप्फुसं अजून बरी व्हायची होती, पण वॉर्डात हसणं-खिदळणं सुरू झालं, भूक वाढली, काही जण नाचायला लागले. त्याचे फोटो छापून आले. क्षयाच्या डॉक्टरांच्या लेखी हा दुष्परिणाम होता. नेथन क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञाच्या लेखी तोच औषधाचा गुण ठरला. १९५७ मध्ये त्यांनी ते नैराश्यावर वापरल्याचं जाहीर केलं आणि थोड्याच काळात लाखो लोकांना ते मिळू लागलं. हेच क्लाइन आधी रेसर्पीनही वापरत होते, आणि १९५७ च्या लास्कर पुरस्कारात वकिलांच्या बरोबर यांचंही नाव आहे. म्हणजे दोन्ही वाटांवर हा गृहस्थ उभा!

मग हिशेबाची दुसरी बाजू आली. काही रुग्णांना कावीळ झाली, यकृत खराब झालं, आणि १९६१ मध्ये अमेरिकेत ते औषध बाजारातून काढून घेतलं गेलं. त्याच जातीची दुसरी औषधं राहिली. ती घेणाऱ्या काही जणांचं डोकं अचानक फुटेल असं दुखायचं, बीपी भडकायचं. कारण कोणाला कळेना. नॉटिंगहॅमच्या एका औषध दुकानदाराच्या लक्षात आलं की आपल्या बायकोला हे चीज खाल्ल्यावर होतं. त्याने डॉक्टर बॅरी ब्लॅकवेल यांना पत्र लिहिलं. १९६३ मध्ये ब्लॅकवेल यांनी हा संबंध मांडला तेव्हा लोक आधी हसले म्हणतात. पुढे सिद्ध झालं की मुरलेल्या चीजमध्ये टायरामीन नावाचा पदार्थ असतो, एरवी शरीर तो पचवतं, पण या गोळ्या ते पचवणंच अडवतात. मला या गोष्टीत तो दुकानदार सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रयोगशाळेला जे दिसलं नाही ते जेवणाच्या टेबलावर बसलेल्या नवऱ्याला दिसलं.

तिसरी वाट पुन्हा स्वित्झर्लंडची. बोडन सरोवराच्या काठी म्युन्स्टरलिंगेन नावाच्या गावी मनोरुग्णालय होतं. तिथले रोलँड कून यांना गायगी कंपनीने एक पूड दिली होती, नाव नाही, नुसता नंबर: जी २२३५५. ती स्किझोफ्रेनियासाठी होती. तिथे ती चालली नाही, उलट काही रुग्ण भडकले. कंपनीने नाद सोडला असता. कून यांनी मात्र जानेवारी १९५६ मध्ये तीच पूड नैराश्याने ग्रासलेल्या एका बाईंना दिली आणि आठवडाभरात त्या बाई बदलल्या. सप्टेंबर १९५७ मध्ये झुरिकच्या जागतिक परिषदेत कून यांनी हे वाचून दाखवलं तेव्हा समोर जेमतेम डझनभर माणसं होती. पुढच्या वर्षी ते औषध इमिप्रामीन, म्हणजे 'टोफ्रानिल', या नावाने बाजारात आलं आणि आजच्या बऱ्याच गोळ्यांचं ते आजोबा ठरलं.

कून यांचं कौतुक अनेक वर्षं झालं. २०१९ मध्ये मात्र स्विस इतिहासकारांनी म्युन्स्टरलिंगेनची दप्तरं तपासून अहवाल दिला. त्यात दिसलं की त्या रुग्णालयात कित्येक वर्षं, कंपन्यांनी पाठवलेली बाजारात न आलेली द्रव्यं रुग्णांना दिली जात होती आणि बऱ्याच जणांना आपल्यावर चाचणी चालू आहे हे माहीतही नव्हतं. नोंदी होत्या, फायद्याच्या आणि त्रासाच्याही. फक्त ज्याच्या अंगात औषध जात होतं त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्या काळात तसं चालायचं, असं म्हणून हे सोडून देणाऱ्यांतला मी नाही. त्याच काळात न्युरेंबर्गच्या खटल्यानंतर संमतीचे नियम लिहून दहा वर्षं झाली होती.

इमिप्रामीनचे त्रास आजही तसेच आहेत: तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, लघवीला अडखळणं, उठताना चक्कर, हृदयाच्या ठोक्यात गडबड. आणि सर्वांत वाईट म्हणजे एकदम बऱ्याच गोळ्या घेतल्या तर जीव जातो. जो माणूस जिवावर उदार झाला आहे त्याच्याच उशाशी ही बाटली ठेवावी लागायची. पण लघवी अडखळते हा त्रास १९६० पासून एका वेगळ्या खात्यात जमेला लागला. रात्री अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांना हेच औषध दिलं जाऊ लागलं. एकाचा दुष्परिणाम, दुसऱ्याचं औषध!

१९७० मध्ये सीबा आणि गायगी एक झाल्या. रेसर्पीन काढणारी कंपनी आणि इमिप्रामीन काढणारी कंपनी एका छताखाली. या कंपनीची मुंबईत, गोरेगावला मोठी संशोधन प्रयोगशाळा होती. ती सीबाने १९६३ मध्ये सुरू केली होती आणि पहिले संचालक होते मद्रासहून आलेले रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारी. तिथे इमिप्रामीनच्या घराण्यातलं एक नवं औषध तयार झालं, नायट्रोक्सझेपीन. 'सिंटामिल' या नावाने ते १९८२ मध्ये भारतात आलं. नैराश्यावर आणि मुलांच्या अंथरुणावरही. गोरेगावात बनलेलं नैराश्याचं औषध! आपण 'मेड इन इंडिया' म्हणून किती गोष्टींचे ढोल वाजवतो, याचं नाव मी औषधाच्या दुकानातल्या एका म्हाताऱ्या काउंटरवाल्याशिवाय कोणाच्या तोंडून ऐकलं नाही.

पुढचा टप्पा तुम्हाला ठाऊक आहे. डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुऑक्सेटिनला, म्हणजे 'प्रोझॅक'ला परवानगी मिळाली. त्याच्या आधी १९८२ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांच्या कामातून झिमेलिडिन हे त्याच पद्धतीचं औषध आलं होतं, पण काही रुग्णांना गिलियन-बारे हा मज्जातंतूंचा आजार झाल्याने वर्षभरातच ते गुंडाळावं लागलं. फ्लुऑक्सेटिन टिकलं. नंतर सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, एस्सिटालोप्राम. सदर बाजारच्या कुठल्याही मेडिकलमध्ये यातलं काहीतरी आज असतंच. ही सगळी शेड्यूल एचची औषधं, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. नियम आहे, बाकी तुम्ही जाणता.

या गोळ्यांचा मोठा गुण असा की जास्त घेतल्या तरी जुन्या गोळ्यांइतक्या त्या प्राणघातक नाहीत. याच गुणामुळे त्या घरगुती डॉक्टरांच्या हाती गेल्या. आणि त्यांच्याबरोबर एक सोपी गोष्टही विकली गेली: तुमच्या मेंदूत सेरोटोनिन कमी आहे, गोळी ते भरून काढते. सर्पगंधेपासून निघालेला विचार जाहिरातीत जाऊन बसला. २०२२ मध्ये लंडनच्या जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र तपासून लिहिलं की नैराश्य सेरोटोनिन कमी झाल्यामुळे होतं याला सुसंगत पुरावा नाही. लगेच काही लोक म्हणायला लागले, बघा, गोळ्या खोट्या! हे काही बरोबर नाही. ॲस्पिरिन १८९९ पासून विकलं जात होतं, ते कसं काम करतं हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. मधली सत्तर वर्षं लोकांची डोकेदुखी थांबतच होती. कारण चुकलं म्हणून परिणाम चुकत नाही. परिणाम वेगळा मोजावा लागतो.

तो मोजला कोणी? आपल्याच शेजारी, गोव्यात.

१९९६ मध्ये गोव्यात 'संगाथ' ही संस्था सुरू झाली. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या चमूने गोव्यातल्या दोन जिल्हा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या ४५० प्रौढांवर एक चाचणी केली, ती २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. हे लोक मानसोपचाराच्या दारात आलेले नव्हते. पाठ दुखते, झोप नाही, थकवा आहे, अशी तक्रार घेऊन साध्या ओपीडीत आलेले. तीन गट केले. एकाला फ्लुऑक्सेटिन, एकाला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि एकाला बोलून उपचार. पहिल्या दोन गटांत कोणाला खरी गोळी मिळते आणि कोणाला नुसती, हे रुग्णाला ठाऊक नव्हतं. दोन महिन्यांनी खऱ्या गोळीचा गट नुसत्या गोळीच्या गटापेक्षा स्पष्ट पुढे होता. बोलण्याचा उपचार, त्या चाचणीत तरी, नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरला नाही. आणि दोन महिन्यांनंतरच्या काळात, वर्षभरापर्यंत, खऱ्या गोळीची आघाडी पुसट झाली.

हा निकाल मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, गोळीचा फायदा लवकर संपतो. दुसऱ्यांदा लक्षात आलं की नैराश्याचे सुरुवातीचे दोन महिने म्हणजे काय असतं. त्या दोन महिन्यांत माणसाची नोकरी जाते, शेतीचा हंगाम जातो, घरातली चूल थंडावते, कधी जीवही जातो. वर्षाच्या शेवटी दोन्ही रेषा जवळ आल्या तरी मधले दिवस कोणाचे कसे गेले याला किंमत आहेच. गोव्याच्या अभ्यासात खर्चही मोजला होता आणि त्या वेळी गोळीचा मार्ग पैशांच्या हिशेबाने फायद्याचा ठरला.

जगभरचा मोठा ताळेबंद २०१८ मध्ये आला. इटालियन डॉक्टर आंद्रेआ चिप्रियानी यांच्या गटाने २१ औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र केल्या, एकूण १,१६,४७७ माणसं. एकवीसच्या एकवीस औषधं नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरली. किती सरस? ढोबळ मानाने शंभरातली पस्तीस-चाळीस माणसं नुसत्या गोळीवरही बरीच सुधारतात आणि खऱ्या गोळीवर पन्नासच्या आसपास. म्हणजे दहा-पंधरा माणसांचा फरक. हा आकडा ऐकून कोणी म्हणेल, एवढाच? फौजेत तीन विभागांच्या प्लॅटूनमध्ये तीस-पस्तीस जवान असतात. त्या हिशेबाने प्रत्येक प्लॅटूनमागे तीन-चार जास्तीची माणसं पायांवर उभी राहतात. मला तो छोटा आकडा वाटत नाही. पण उरलेल्या निम्म्यांना त्या गोळीने फार काही दिलं नाही, हेही तितकंच खरं. यातल्या बहुतेक चाचण्या दोन महिन्यांच्या आसपास संपतात, हेही विसरू नका.

त्रासाची बाजू. मळमळ, डोकेदुखी, घाम, झोप उडणं किंवा जास्त येणं, हे बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत येतं आणि ओसरतं. फायदा मात्र दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो. म्हणजे त्रास रोखीने आणि फायदा उधारीवर! काही लोक सुरुवातीलाच गोळी टाकून देतात ते याचमुळे. दुसरा त्रास लैंगिक. इच्छा कमी होते, शेवट गाठता येत नाही. हा बरेच दिवस राहू शकतो, आणि आपल्या समाजात याबद्दल डॉक्टर विचारत नाहीत आणि रुग्ण सांगत नाही. नवरा अचानक का तुटला हे एखाद्या बायकोला गोळीच्या पाकिटावरून कधी कळतही नाही. कित्येकांना भावना बोथट झाल्यासारखं वाटतं: रडू येत नाही, पण नातवाला पाहून हसूही पूर्वीसारखं येत नाही.

माझ्या वयाच्या मंडळींसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगतो. या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम घटू शकतं, आणि बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर धोका वाढतो. माणूस गोंधळतो, पडतो, आणि घरचे म्हणतात म्हातारपण आलं. दुसरं, ॲस्पिरिन किंवा सांधेदुखीच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास रक्तस्रावाची शक्यता वाढते. पॉलिक्लिनिकमधून महिन्याची औषधांची पिशवी आणणाऱ्या निवृत्त फौज्याच्या पिशवीत हे तिन्ही बहुधा असतात. पिशवी पूर्ण उघडून डॉक्टरांसमोर ठेवा, एवढंच म्हणतो.

तरुणांबाबत २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुलांसाठी पाकिटावर काळ्या चौकटीतला इशारा घालायला लावला आणि २००७ मध्ये तो चोवीस वर्षांपर्यंत वाढवला: सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, लक्ष ठेवा. याचा अर्थ तरुणाला गोळी देऊ नका असा नाही. पहिला महिना त्याला एकटं सोडू नका, असा आहे. आणि कोणाच्याही मनात, कोणत्याही वयात, तसे विचार येत असतील तर सरकारची 'टेली मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलतात.

आता 'आदत पड जाएगी' याबद्दल. आपल्या घरांत मनाच्या प्रत्येक औषधाला 'झोपेची गोळी' म्हणतात. यातच सगळा घोटाळा आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या शांत करणाऱ्या गोळ्या वेगळ्या. त्यांची सवय लागते, मात्रा वाढवावीशी वाटते, हे खरं. नैराश्याच्या गोळ्यांची तशी ओढ लागत नाही, जास्त घ्यावीशी वाटत नाही. पण एकदम थांबवल्या तर शरीर कुरकुर करतं: चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं. २०२४ मध्ये एका जर्मन गटाने अनेक अभ्यास जोडून हिशेब काढला की गोळी बंद करणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना काही ना काही लक्षणं जाणवतात, पण नुसती गोळी बंद करणाऱ्यांपैकीही १७ टक्क्यांना जाणवतात. म्हणजे औषधामुळे म्हणता येईल असा वाटा सहा-सात जणांत एक. तीव्र त्रास साधारण पस्तिसात एकाला. ज्यांना तो होतो त्यांना खोटं ठरवू नये आणि बाकीच्यांना त्याची धास्ती घालू नये.

फौजेत हा प्रश्न आणखी अवघड होतो. आमच्याकडे प्रत्येकाची वैद्यकीय श्रेणी 'शेप' या पाच अक्षरांत लिहिली जाते आणि त्यातलं पहिलंच अक्षर, एस, मनाचं आहे. ते खाली आलं की बढती, पोस्टिंग, परदेशातली नेमणूक सगळ्यावर सावली पडते. त्यामुळे जवान लपवतात. माझ्या बटालियनमधला एक हवालदार रजेवर असताना गावच्या खाजगी डॉक्टरकडून गोळ्या घेत होता आणि त्याला चांगला गुण होता. वार्षिक तपासणी आली तशी त्याने आठ दिवस आधी गोळ्या बंद केल्या. चौथ्या दिवशी फायरिंग रेंजवर त्याला गरगरायला लागलं, डोक्यात करंट लागतो म्हणाला, आणि रात्री मेसमध्ये भांडला. त्याची स्वतःची खात्री झाली की आजार उलटला. आमच्या तरुण आरएमओने शांतपणे विचारलं, "उस्ताद, कोई दवाई चल रही थी क्या?" तेव्हा कुठे बाहेर आलं. गोळी परत सुरू करून चार महिन्यांत हळूहळू उतरवली. श्रेणी काही काळ खाली गेली, पुन्हा वरही आली. तो सुभेदार होऊन निवृत्त झाला. सगळ्यांचं इतकं नीट होत नाही, हे मी पाहिलं आहे.

थांबवायचं की चालू ठेवायचं, याचाही हिशेब झाला आहे. इंग्लंडमध्ये २०२१ मध्ये आलेल्या एका चाचणीत, दीर्घकाळ गोळी घेऊन बरे वाटत असलेले आणि थांबवण्याचा विचार करणारे ४७८ लोक होते. निम्म्यांची गोळी हळूहळू, त्यांच्या नकळत, नुसत्या गोळीवर आणली. वर्षभरात त्यांच्यातल्या ५६ टक्क्यांना नैराश्य परत आलं. ज्यांची गोळी चालू होती त्यांच्यातही ३९ टक्क्यांना आलं. तुम्हाला थांबवायचं असेल तर या आकड्यात तुमची बाजू आहे: थांबवलेल्यांपैकी शंभरातले ४४ ठीक राहिले. चालू ठेवायचं असेल तरीही तुमची बाजू आहे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्याकडे साधारण वीस प्रौढांत एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठतं, आणि बहुतेकांपर्यंत कोणताही उपचार पोचत नाही. दुष्परिणामांच्या गप्पा मारताना हा आकडाही ध्यानात ठेवा. सदर बाजारात मला गोळी घेऊन बिघडलेला एक भेटतो, तर काहीच न घेता घरात कुजत बसलेल्यांची गणती कोणी करत नाही.

गोव्याच्या लोकांनी मात्र प्रश्न तिथे सोडला नाही. २००३ मध्ये बोलण्याचा उपचार हरला होता. त्यांनी तो नव्याने बांधला. डॉक्टर नसलेल्या, गावातल्याच साध्या माणसांना शिकवलं, सहा ते आठ बैठका, आणि भर कशावर? माणसाने रोज काहीतरी ठरवून करावं यावर: सकाळी चालणं, तुटलेल्या भावाला फोन, मागे पडलेलं काम. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांत, तीन महिन्यांनी, ज्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर या बैठका मिळाल्या त्यांच्यातले ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते आणि ज्यांना फक्त नेहमीचा उपचार मिळाला त्यांच्यातले ३९ टक्के. त्या बैठका गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि रुग्णांच्या घरी, कोकणी-मराठीत होत. आमच्या झाशीत असा शिकवलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. निवृत्त नर्सिंग असिस्टंट आणि शिक्षकांची मात्र सदर बाजारात कमी नाही, आणि त्यांच्यातले दोघे तर दर बुधवारी माझ्याकडे चहाला असतात. पुढच्या भागात त्यांनाच घेऊन बसतो.